बर्फ आणि बटर टार्ट

आम्ही अमेरिकेत आलो तेव्हा आमची गरिबीही आमच्याबरोबर आली. तिला व्हिसा लागला नाही. नागपुरातली गिरणी बंद पडल्यावर बाबांनी मिळेल ते काम केलं. सायकली दुरुस्त केल्या, लग्नाच्या मांडवांना दिव्यांच्या माळा लावल्या, एका गोदामात पोती उचलली. तरी घरात सकाळी वरण असलं तर संध्याकाळी नसायचं. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, नर्सिंगचा डिप्लोमा करून आधीच मिनेसोटात गेली होती. तिनं भावाचे कागद केले. ते कागद मंजूर व्हायला इतकी वर्षं गेली की आम्ही त्यांचा नादच सोडला होता. आणि मंजूर झाले तेव्हा मी आठवीत होते, बाबांचे केस पांढरे झाले होते आणि आत्या सोडली तर आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेलं एकही माणूस नव्हतं.

मिनिआपोलिसमध्ये एक झोपायची खोली आणि हॉल एवढी जागा मिळाली. खोलीत आई-बाबा झोपायचे, मी हॉलमधल्या सोफ्यावर. कोट चर्चमधल्या फुकटच्या ढिगातून आणले होते. माझा कोट कुठल्यातरी मुलाचा होता, त्याच्या बाहीवर हॉकीच्या टीमचा बिल्ला शिवलेला. बाबांच्या कोटाच्या आत दुसऱ्याच माणसाचं नाव विणलेलं होतं, आणि तो माणूस वारला असणार असं बाबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, कारण जिवंत माणूस त्या थंडीत असा कोट देऊन टाकणार नाही. रेडिएटरच्या नळ्या सकाळी अशा ठोके द्यायच्या की पहिले काही दिवस आई दार उघडून बघायची, कोण आलं म्हणून. तुरीची डाळ मिळायची ते दुकान लांब होतं, बस तिथवर जात नव्हती. म्हणून सुपरमार्केटातल्या फुटक्या हिरव्या वाटाण्यांचं वरण व्हायचं. दिसायला शेवाळासारखं, पण वरून लसणाची फोडणी पडली की डोळे मिटून खाता यायचं.

बाबांना खिडक्या तयार करण्याच्या कारखान्यात काम लागलं आणि आईला एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात. नागपुरात आई दुसऱ्याच्या घरची भांडी घासायला कधी गेली नव्हती, आणि ही तिच्या अभिमानाची गोष्ट होती. इथं ती शंभरेक माणसांच्या ताटल्या मशीनमध्ये लावायला आणि काढायला लागली. पण तिला 'स्टाफ' म्हणायचे, छातीवर बिल्ला होता, त्यामुळं आमच्या घरात ते प्रगतीत धरलं गेलं.

आता मंडळाबद्दल सांगायला हवं. मंडळ म्हणजे नोंदणी, अध्यक्ष वगैरे काही नव्हतं. वीस-बावीस मराठी घरं होती, बहुतेक डॉक्टर आणि इंजिनिअर, पुण्यामुंबईचे, आणि दिवाळी-संक्रांतीला ती कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमायची. आत्यानं पहिल्यांदा आम्हाला नेलं. सगळे फार चांगले वागले. "नागपूरचे का? नागपुरात कुठं?" बाबांनी वस्तीचं नाव सांगितलं. "अच्छा, अच्छा," असं उत्तर आलं, आणि त्या दोन अच्छांच्या मध्ये जे काय व्हायचं ते होऊन गेलं. आम्ही बौद्ध आहोत हे आम्ही लपवलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. आमच्या घरी येऊन भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो बघण्याची वेळ त्यांच्यापैकी कुणावर कधी आली नाही.

प्रत्येक जमण्याच्या आधी सुलभाकाकूंचा फोन यायचा. सुलभाकाकू म्हणजे ईडन प्रेरी या उपनगरातल्या हृदयाच्या डॉक्टरांची बायको. सगळ्यांनी काय काय करून आणायचं त्याची यादी त्यांच्याकडे असायची. एका घराकडे मसालेभात, एका घराकडे बटाट्याची भाजी, कुणाकडे श्रीखंड, कुणाकडे कोशिंबीर. पहिल्या वर्षी आईनं मोठ्या हौसेनं विचारलं, "मी वडाभात आणू का?" वडाभात म्हणजे आमच्या विदर्भातला जिव्हाळ्याचा पदार्थ: डाळी भरडून तळलेले वडे गरम भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग, मोहरी, लाल मिरचीचं कडकडीत तेल. सुलभाकाकू म्हणाल्या, "नको हो वहिनी, तुम्ही दोघंही कामावर जाता, कशाला दगदग? तुम्ही आपला बर्फ आणा. कोकला लागतोच." सुलभाकाकू स्वतः एका लॅबमध्ये पूर्ण वेळ कामाला होत्या आणि त्या वर्षी त्यांनी एकटीनं तीन पदार्थ केले होते.

तेव्हापासून यादीत आमच्या नावापुढं बर्फ आला तो आलाच. दुसऱ्या वर्षी बर्फ, तिसऱ्या वर्षी बर्फ आणि पेपर प्लेट्स. मिनेसोटात दिवाळीला बाहेर पावलं बुडतील एवढा बर्फ पडलेला असायचा, आणि आम्ही दुकानातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला बर्फ घेऊन तो त्या बर्फातून ईडन प्रेरीला न्यायचो. बाबा म्हणायचे, "बर्फही लागतोच ना कोणाले तरी." आत्यानं जायचंच सोडलं. "मी नर्स आहे," ती म्हणाली, "मले बर्फ हॉस्पिटलातच पुरेसा भेटते." पण बाबांना जायचं असायचं. तिथं चार तास मराठी कानावर पडायचं, आणि ते पुढं महिनाभर त्यांना पुरायचं. आईला मात्र एकच गोष्ट हवी होती. ती आत शिरली की कोट काढायच्या आधी जेवणाच्या टेबलाकडे बघायची. कुणाचं पातेलं कुठं, कुणाचा डबा कुठं. त्या टेबलावर आपल्या हातचं एक भांडं असावं, आणि ते रिकामं व्हावं. हे ती कधी बोलली नाही. पण तीन वर्षं त्या टेबलाकडे ती ज्या नजरेनं बघायची ती मी बाजूला उभी राहून, हातात बर्फाची पिशवी धरून, बघितली आहे.

याच सुमारास डोरीन आमच्या घरात शिरली. डोरीन आईच्या वृद्धाश्रमातली मुख्य स्वयंपाकीण. कॅनडातल्या ओंटारिओतल्या एका शेतावर वाढलेली, साठीची, दणकट, बोलायला फटकळ. हिवाळ्यात बस चुकली की ती आईला स्वतःच्या गाडीनं घरी सोडायची. आईचं इंग्रजी तेव्हा वीस शब्दांचं होतं आणि डोरीनला त्या वीसही शब्दांची गरज पडायची नाही. ती गाडीत एकटीच बोलायची. तिच्या चर्चची नाताळाआधी एक विक्री असायची, आणि तिथं ती दर वर्षी बटर टार्ट करून द्यायची. त्या वर्षी तिची मनगटं दुखायला लागली होती, पारी लाटवत नव्हती. आईनं लाटण्याची नुसती हातानं खूण केली आणि म्हणाली, "आय डू." दुसऱ्या रविवारी आई आपलं बेलणं पिशवीत घालून डोरीनच्या घरी गेली. मंडळात त्याला लाटणं म्हणत. आमच्या घरात बेलणंच.

बटर टार्ट म्हणजे काय ते ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगते. करंजीच्या पारीसारखी खुसखुशीत पारी, वाटीच्या आकाराची, आणि तिच्यात लोणी, तपकिरी साखर, अंडं, थोडा पाक आणि मनुका यांचं सारण. भट्टीतून निघाल्यावर वरून ते धरलेलं असतं आणि आतून ओलं. "चावल्यावर हनुवटीपर्यंत ओघळलं पाहिजे," डोरीन सांगायची, "कोपरापर्यंत ओघळलं तर समज कच्चं राहिलं." सारणात थेंबभर व्हिनेगर टाकायचं, नाहीतर गोडानं तोंडाला मिठी बसते. आईला हे लगेच पटलं. तीही शिऱ्यात मीठ टाकायची. त्या रविवारी आईनं पारीच्या इतक्या चकत्या लाटल्या की डोरीन खुर्ची ओढून नुसती बघत बसली. सगळ्या एका जाडीच्या. आईनं मापायला काही घेतलं नव्हतं.

मग आईला ते घरी करून बघायचं होतं. आमच्या घरात ओव्हन होता, पण त्याचा भट्टीसारखाही वापर करतात ही बातमी आमच्यापर्यंत पोचलेली नव्हती. आमच्या लेखी ते कपाट होतं. कढई, तवा, दोन पातेली, पोळ्यांचा डबा आणि आत्यानं दिलेली प्लॅस्टिकची मोठी चाळण, सगळं तिथं नीट बसायचं. (आजही मी कुठल्याही मराठी घरात गेले की आधी त्यांच्या ओव्हनमध्ये डोकावते. मी आता राहते त्या बेलव्ह्यूतल्या मोठमोठ्या घरांत, दोन-दोन ओव्हन असलेल्या स्वयंपाकघरांत, एकात केक होतो आणि दुसऱ्यात कढया असतात.) डोरीननं आईला सांगितलं होतं, आधी ओव्हन चांगला तापव. आईनं तापवला. चाळण आत होती. दहा मिनिटांत धूर झाला, छतावरचं यंत्र किंचाळायला लागलं आणि सगळी बिल्डिंग चपला-पायजम्यात बाहेर बर्फात जाऊन उभी राहिली. बाबा जाताना फोटो आणि पासपोर्ट तेवढे घेऊन बाहेर आले. आई पारीच्या पिठाचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली, ते कोरडं पडू नये म्हणून.

दुसरी चूक तिनं शांतपणे, धूर न करता केली. कागदावर लोणी लिहिलेलं होतं. आता आमच्या घरात लोणी आणतात ते कढवायला. कच्चं लोणी स्वयंपाकात घालणं म्हणजे न निवडलेले तांदूळ शिजवण्यासारखं. आईनं सगळ्या वड्या कढवून त्यांचं तूप केलं, मग ते पारीतही घातलं आणि सारणातही. डोरीन चाखायला आली. तिनं एक टार्ट खाल्ला आणि बशी खाली ठेवली. "पारी अशी माझ्या आईलाही जमली नसती," ती म्हणाली. "पण शेवी, आत तेल तरंगतंय. बटर टार्टमधलं बटरच तू काढून टाकलंस." आईचं नाव शेवंता. डोरीनच्या तोंडून ते शेवी झालं होतं, आणि मिनेसोटात आईला नावानं हाक मारणारं दुसरं कुणीही नव्हतं. आई खट्टू झाली. मग तिनं तूप गाळल्यावर तळाशी उरलेली बेरी, ती तपकिरी, खमंग, जी मी साखर घालून खायची, ती दाखवली आणि खुणेनं विचारलं, ही घालू? पुढच्या खेपेला पारीत तूप, सारणात कच्चं लोणी आणि त्यात दोन चमचे बेरी. डोरीननं खाल्लं. मग दुसरा उचलला. "ओंटारिओत कुणाला सांगू नकोस," म्हणाली.

पुढं कॉलेजात केमिस्ट्री शिकताना मला कळलं की तुपात पाणी नसतं म्हणून ती पारी इतकी हलकी व्हायची. आईला ते सांगितलं तर म्हणाली, "हे शिकाले तुले कॉलेजात जा लागलं?"

त्यानंतरच्या दिवाळीला पुन्हा फोन आला. मी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होते. फोन मीच उचलला आणि आईकडे दिला. "हो... हो... बर्फ, प्लेट्स. आणते ना," आई म्हणाली. फोन ठेवला, फ्रिज उघडला आणि लोण्याच्या वड्या बाहेर काढून ओट्यावर मांडल्या.

"काय करून राहिली?" मी विचारलं.

"बर्फ नेऊ. त्याच्यासंगं टार्ट नेऊ."

"त्यांनी सांगितलं नाही तर कशाले न्यायचे? आणि न्यायचंच तर वडाभात ने."

"वडाभात पाहून त्यायले मी आठवीन," आई म्हणाली. "हे पाहून कोणीच आठवणार नाही."

डोरीनच्या मूळ पारीत अर्धं लोणी आणि अर्धी डुकराची चरबी असायची. तिनं चरबीचा पुडा प्रेमानं पाठवून दिला होता. आईनं तो तसाच फ्रिजमध्ये ठेवला. "हे नको. ते खात नाहीत." मी तेव्हा सतरा वर्षांची होते, मला फार राग यायचा. मी म्हटलं, "ते आपलंही खात नाहीत." आई पिठाला तूप चोळत होती, मान वर न करता म्हणाली, "त्यायनं नाही खाल्लं तर ते त्यायचं. मी फसवून खाऊ घातलं तर ते माझं." मग तिनं मला एक कार्ड लिहायला लावलं, मराठीत आणि इंग्रजीत, ठळक अक्षरांत: 'कॅनडाचे बटर टार्ट. अंडं आहे.' अंडं या शब्दाखाली तिनं मला दोन रेघा मारायला सांगितल्या.

टार्ट ठेवायला आमच्याकडे मोठा डबा नव्हता. डोरीनचा पत्र्याचा चपटा डबा आणला. त्याच्या बाजूला चिकटपट्टीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत तिचं नाव लिहिलेलं होतं, चर्चमध्ये डबे बदलू नयेत म्हणून. ते नाव आईनं काढलं नाही. ते मुद्दाम की सहज, हे मी तिला पुढं खूपदा विचारलं. प्रत्येक वेळी एकच उत्तर: "डबा तिचा होता. दुसऱ्याच्या डब्यावरचं नाव काहून काढायचं?"

सुलभाकाकूंच्या बेसमेंटमध्ये त्या दिवशी चांगली पन्नास-साठ माणसं होती. मी डबा गोडाच्या टोकाला, शंकरपाळ्यांच्या शेजारी ठेवला, कार्ड पुढं उभं केलं आणि नेहमीच्या जागी, बर्फाच्या बादलीजवळ, जाऊन उभी राहिले. ती माझी जागा होती. कोकच्या ग्लासात बर्फ घालून द्यायचा. तिथून टेबल स्वच्छ दिसायचं. आई भिंतीजवळच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर पर्स, जशी माणसं दवाखान्यात बसतात.

पहिला टार्ट सुलभाकाकूंच्या मुलानं उचलला आणि ओरडला, "मॉम, दीज आर सो गुड!" मग रांगच लागली. कार्ड लोकांनी वाचलं. मी वाचताना बघितलं. प्रभाकरकाका, मोठे इंजिनिअर, पोटही मोठं, त्यांनी तर मोठ्यानं वाचलं, "अंडं आहे, वा वा," आणि एकदम दोन घेतले, थोड्या वेळानं आणखी दोन. सुलभाकाकूंनी एक खाल्ला, हनुवटीवरचं पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अय्या, काय सुरेख पारी आहे! तोंडात विरघळते. आणि हा खमंगपणा कशाचा? ही डोरीन कोण? कुणाच्या ओळखीची? ही गोरी माणसं बेकिंग करावं तर अशी करतात बाई, आपल्याला नाही जमायचं." कुणीतरी म्हणालं, डॉक्टरांच्या हॉस्पिटलातली असेल. डॉक्टर म्हणाले, असेलही. सुलभाकाकूंनी दुसरा घेतला. "मला तिची रेसिपी हवीय. कुणी आणलंय हे?"

मी आईकडे बघितलं. आई माझ्याकडे बघत होती. तिनं मान हलवली नाही, नको म्हणूनही नाही आणि हो म्हणूनही नाही. बाबा खाली बघून बुटाची नाडी बांधत होते. ती आधीच बांधलेली होती.

"डबा डोरीनचा आहे, काकू," मी म्हटलं. "टार्ट आईनं केलेत."

पन्नास माणसं एकदम गप्प झाली असं लिहिलं तर ते खोटं होईल. पोरं ओरडतच होती. पण टेबलाभोवतीची दहा-बारा मोठी माणसं, ती थांबली. एका बाईचा टार्टकडे गेलेला हात वळून शंकरपाळ्यांवर गेला, इतका सफाईदार की मला आजही त्याचं कौतुक वाटतं. सुलभाकाकूंच्या हातात अर्धा टार्ट होता. त्या त्याच्याकडे बघत होत्या.

"हो का?" त्या म्हणाल्या. "छान, छान. पण... अंडं असेल नाही का यात?"

"कार्डावर लिहिलंय," मी म्हटलं. "खाली दोन रेघा आहेत."

"अगं, चष्मा नाही ना माझा. आधी तोंडी सांगायचं, बेटा. आमच्याकडे दिवाळीत चालत नाही," आणि त्यांनी तो अर्धा टार्ट पेपर प्लेटवर ठेवून प्लेट बाजूला सरकवली. प्लेटही आम्हीच आणलेली होती.

आणि तेव्हा कोपऱ्यातल्या सोफ्यावरून आवाज आला. सुलभाकाकूंच्या सासूबाई, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या, अंगावर दोन शाली, पायात मुलाचे लोकरी मोजे. "सुलभा," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मी अंडं खात नाही, म्हणून कार्ड वाचलं आणि हात लावला नाही. तू सकाळी माझ्यासमोर ऑम्लेट खाल्लंस. कांदा घालून."

प्रभाकरकाकांना हसू आवरेना. डॉक्टर वरच्या मजल्यावर कसलंसं काम आठवून निघून गेले. आजींनी हे माणुसकीसाठी केलं असा माझा गैरसमज नाही. सून सापडली होती आणि साक्षीदार हजर होते, एवढंच. त्यांनी आमच्या घरचं पाणी तरी घेतलं असतं की नाही, मला शंका आहे. पण त्या बेसमेंटमध्ये त्या दिवशी खरं बोललेलं एकच मोठं माणूस होतं, आणि ते सगळ्यांत सोवळं होतं. प्रभाकरकाकांनी आणखी एक उचलला. "चार गेलेत पोटात, आता पाचव्यानं काय बाटायचं राहिलंय," म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं, आणि तो पाचवा त्यांनी फार सावकाश, जमिनीकडे बघत खाल्ला.

आई उठली. आजींजवळ जाऊन म्हणाली, "पारीत तूप आहे, आजी. चरबी नाही घातली. पण आत अंडं आहे, तुम्ही नाही खाल्लं ते बरं केलं." मग डब्याला झाकण लावलं आणि डबा काखेत धरून परत खुर्चीत बसली. "बर्फ संपला वाटतं," सुलभाकाकू मला म्हणाल्या, काहीतरी बोलायला हवं म्हणून. "जरा आणतेस का बेटा?"

इथं मी काहीतरी बाणेदार बोलले, असं लिहायचा मोह होतो आहे. चाळीस वर्षांत ते उत्तर मी मनात शंभर वेळा दिलं आहे, दर वेळी जास्त चांगल्या मराठीत. त्या दिवशी मी बाहेर गेले, बाबांच्या जुन्या गाडीतून पिशवी काढली, आणि आणून बादलीत ओतली. आता माझ्या घरी फ्रिजच्या दारातूनच बर्फ पडतो. तो खळखळ आवाज मला अजून आवडत नाही. पाहुण्यांना मी पाणी साधंच देते.

परतताना गाडीत मी रडत होते. आईनं पुढच्या सीटवर डबा उघडला आणि एक टार्ट खाल्ला. बाबांना एक दिला. सारण ओघळून कोटावर पडलं, त्या मेलेल्या माणसाच्या कोटावर. "रडून काय राहिली?" आई मागं न बघता म्हणाली. "एकतीस खाल्ले त्यायनं. मी मोजून राहिली होती. आवडले म्हणून खाल्ले. नाव ऐकल्यावर ते पोटातून वापस येत नाहीत." थोड्या वेळानं म्हणाली, "पण ते डोरीनच्या नावानं संपले. त्याले काही अर्थ नाही." आणि मग, ईडन प्रेरीच्या बाहेर पडता पडता, "यापुढं मी बर्फ नेणार नाही." बाबांनी वायपर चालू केला, काच कोरडी असताना.

सोमवारी डोरीननं विचारलं, आवडले का लोकांना? हे मला डोरीननंच नंतर सांगितलं. आई म्हणाली, "लाइक. व्हेरी मच. देन नो लाइक." डोरीननं तिच्याकडे रोखून बघितलं. "मनुका," ती म्हणाली. "मी तुला सांगितलं होतं. मनुका घालायच्या की नाही, यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत." आईनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "येस. मनुका."

पुढच्या वर्षी मी युनिव्हर्सिटीत जायला लागले, दोन बस बदलून. प्रवेशाच्या फॉर्मवर आईवडिलांचं शिक्षण विचारलं होतं. मी खरं ते लिहिलं, आणि का कोण जाणे, त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. दिवाळीच्या आधी फोन आला. मी दुसरीकडून रिसीव्हर उचलून सगळं ऐकलं, याबद्दल मला लाज नाही.

"वहिनी, या वर्षी तुमचे ते टार्ट करा ना," सुलभाकाकू म्हणाल्या. "सगळे आठवण काढतात. फक्त बिनअंड्याचे करा."

"अंड्याशिवाय ते होत नाहीत," आई म्हणाली. मंडळातल्या लोकांशी ती जपून, पुस्तकातलं मराठी बोलायची. "ते राहू द्या. मी वडाभात आणते."

"अहो पण भात आहे यादीत. मसालेभात."

"मग दोन भात होतील."

"आणि बर्फ?" सुलभाकाकूंनी विचारलं.

"बर्फाचं दुकान तुमच्या घराजवळ आहे," आई म्हणाली. "डॉक्टरांना सांगा." आणि तिनं फोन ठेवला. ती तशीच डाळ भिजत घालायला गेली.

त्या दिवाळीला बर्फ डॉक्टरांनी आणला. वडाभात आमच्या स्वतःच्या मोठ्या पातेल्यात गेला, कढी वेगळ्या भांड्यात. पातेल्याच्या बाजूला मी चिकटपट्टी लावली आणि त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: शेवंता. वाचून दोन-तीन बायकांनी विचारलं, शेवंता कोण? त्यांच्या भिंतीला टेकून चार दिवाळ्या बसलेली बाई कोण, हे त्यांना तेव्हा कळलं. पहिला डाव प्रभाकरकाकांनी वाढून घेतला. मग कुणी घेतला, कुणी पुढं सरकलं. सुलभाकाकूंनी दोन घास घेतले. आजी त्या वर्षी आल्या नव्हत्या; आल्या असत्या तर त्यांनी काय केलं असतं, ते मी ठरवून टाकत नाही.

निघताना पातेलं मी उचललं. ते रिकामं होतं, तळाला फक्त एक लाल मिरची चिकटलेली. पुढं चार वर्षांनी मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली. आणि आमच्याकडून पुन्हा कुणी बर्फ मागितला नाही.